सिनेमा संपल्यावर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत जन्म काढलेल्या माणसाला सेक्रेटरींनी 'आजच्या सिनेमातलं कुटुंब' हा विषय दिला. मी म्हटलं, अहो, मला व्याजाचे दर विचारा. ते म्हणाले, "काका, ते मोबाईलवर कळतात. तुम्ही सिनेमाचंच बोला." तेव्हा समीक्षक म्हणून नाही, एक प्रेक्षक म्हणून चार शब्द बोलतो.

या विषयाशी आपल्या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. पालगडच्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर मराठी चित्रपटाला तो मान पुन्हा मिळायला पन्नास वर्षं लागली. तो मिळाला 'श्वास'ला. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे येतात. जीव वाचवायचा तर पोराचे डोळे जाणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर नेतात, जग डोळे भरून दाखवायला. अरुण नलावडे यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही.

मग २०१६ सालचा राजेश मापुस्कर यांचा 'व्हेंटिलेटर'. कामेरकरांचे काका अत्यवस्थ, गणपती तोंडावर आलेले, आणि नातेवाइकांना एकच घोर, सुतक आलं तर काय! आपण सगळे हसलो, कारण हे आपल्याच घरात ऐकलेलं. पण हसता हसता त्यातला बाप-लेकाचा अबोला मध्येच असा टोचतो की रुमाल काढावा लागतो.

मला मात्र थांबायचं आहे ते 'किल्ला'पाशी. अविनाश अरुण यांचा हा चित्रपट २०१५ साली आपल्याकडे लागला. त्याआधीच बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीनं त्याला पारितोषिक दिलं होतं. चित्रीकरण आपल्या गुहागरकडचं. वडील वारलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणातल्या लहान गावात येतो. आई सरकारी नोकरीत. दोघंही दुःखात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. ती फायलींत, तो समुद्राकडे बघत. बदलीची नोकरी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता थोडं घरचं सांगतो. मी मराठवाड्यात एका शाखेत असताना इकडून फोन आला, अण्णा गेले. माझा मुलगा सातवीत होता आणि स्कॉलरशिपची परीक्षा दोन दिवसांवर आलेली. हिला त्याच्यापाशी ठेवलं आणि मी एकटाच रात्रीच्या एसटीनं निघालो. दरवर्षी मे महिन्यात अण्णांनी त्याला आमच्या विहिरीत पोहायला शिकवलेलं. तेरावं करून परत गेलो. त्यानं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. पुढे स्कॉलरशिप मिळाली, आम्ही पेढे वाटले.

काही वर्षांपूर्वी तो दिवाळीला आला होता. घरीच आम्ही दोघांनी 'किल्ला' पाहिला. संपल्यावर तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "बाबा, आजोबांना शेवटचं बघायला मला न्यायला हवं होतंत."

माझ्याकडे उत्तरं तयार होती. परीक्षा, अंतर, त्याचं वय. एकही दिलं नाही. म्हटलं, "चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी आम्ही गावच्या घरी गेलो, विहिरीच्या काठावर बसलो. त्याला सगळं सांगितलं. मी पोचलो तेव्हा कोण कोण होतं, अग्नी कुणी दिला, आणि आदल्या रात्री अण्णांनी दोनदा त्याचं नाव घेतलं होतं, तेही. माझ्या बहिणीनं मला ते त्याच दिवशी सांगितलं होतं. इतकी वर्षं मी ते कुणाजवळ बोललो नव्हतो. चाळिशी ओलांडलेला माझा मुलगा त्या काठावर लहान पोरासारखा रडला. मीही रडलो.

बँकेत ज्या नोंदीचा लगेच मेळ लागत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकतात. पण ती तिथे कायमची ठेवता येत नाही, ऑडिटर विचारतोच. घरातल्या दुःखाचं तसंच आहे. फक्त इथे विचारणारा येईलच असं नाही. आपणच खातं उघडावं लागतं.

सिनेमा आपला प्रश्न सोडवत नाही. पण जे तोंडावर बोलता येत नाही, ते पडद्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं की आपली जीभ जरा सैल होते.

पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीतही अनेक घरांत हार घातलेले फोटो लागले. त्यातल्या काहींनी या इमारतीची झाडं लावली. नातवंडांना ते सांगायला हवं. म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. महिन्यातून एका रविवारी याच सभागृहात एक चांगला मराठी चित्रपट दाखवावा. आणि संपल्यावर लगेच दिवे लावून खुर्च्या उचलू नयेत. चहा ठेवावा आणि लोकांना अर्धा तास बसू द्यावं. चहाचा पहिला खर्च माझ्याकडून.