कवड्या की मण्यार?



आणखी काही आठवड्यांत पाऊस लागेल. बिळांत पाणी शिरलं की साप बाहेर पडतील, त्यातले काही आपल्या पडवीत, न्हाणीघरात येतील आणि घरोघरी एकच प्रश्न निघेल, विषारी की बिनविषारी? प्रश्न रास्त आहे. पण तो साप दहा फुटांवर असताना विचारायचा; चावल्यानंतर त्यात एक मिनिटही घालवायचं नाही. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

आपल्याकडे माणसं दगावतात ती प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे. नागाने फणा काढला की शंका उरत नाही. फणा न काढलेला नाग आणि धामण यांत मात्र भलेभले फसतात आणि मार खाते ती धामण. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं अजूनही सांगितलं जातं. अहो, सापाला दूध चोखता येतच नाही! धामण शेतातले उंदीर खाते. तिला मारणारा शेतकरी आपलंच धान्य उंदरांना देतो.

खरी गफलत होते ती बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांच्यात. कवड्या तपकिरी, अंगावर पिवळट-पांढरे पट्टे. हे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. पालींच्या मागे तो भिंतीवरही चढतो, म्हणून घरात हमखास दिसतो. मण्यार निळसर काळी, चकचकीत. बारीक पांढऱ्या रेषा बहुधा जोडीजोडीने, मानेजवळ अस्पष्ट आणि शेपटीकडे ठळक. म्हणजे बरोबर उलटं. पण लगेच खूश होऊ नका. मण्यारीच्या पिलांना मानेजवळही पट्टे असू शकतात आणि काही मोठ्या मण्यारींच्या अंगावर पट्टे जवळजवळ नसतातच. त्यात दिवसा ती सुस्त असते, वेटोळ्यात डोकं खुपसून पडून राहते. "गरीब आहे बिचारा" म्हणत कोणीतरी हात घालतो. रात्री तिचं वागणं वेगळं असतं.

घोणस आणि बिनविषारी डुरक्या यांचंही असंच. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे लंबगोल ठिपके तीन रांगांत, नीट मांडलेले. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे, शेपटी आखूड. फुरसं कोकणातल्या लोकांना मी काय सांगणार? वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज करतं.

आता दंशाबद्दल. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना नाही, सूज नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, घरचे पित्त समजून सोडा देतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस असा उठला, तर दवाखान्यात सर्पदंशाची शंका आपण होऊन बोलून दाखवा.

मांत्रिकाचा गुण येतो, असं सांगणारे इथेही असतील. बहुतेक साप बिनविषारी आणि विषारी सापाचाही दंश कधी कधी कोरडा असतो, त्यात विष उतरतच नाही. अशी माणसं मंत्राविनाही जगली असती. ज्यांच्या अंगात विष गेलं होतं, त्यांचा मात्र वेळ गेला.

घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारी प्रतिविषाची लस या चारही सापांच्या विषांवर एकत्रित चालते. त्यामुळे डॉक्टरांना साप दाखवावा लागत नाही. पापण्या मिटताहेत का, काचेच्या स्वच्छ नळीतलं रक्त वीस मिनिटांत गोठतं का, यावरून ते निर्णय घेतात. साप मारून पिशवीतून आणण्याच्या नादात दुसऱ्यालाही दंश होतो. तेव्हा चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं, सगळं बंद. अंगठी-बांगड्या काढा, हातपाय हलू देऊ नका, 108 ला फोन करा.

आणि माता-भगिनींना खास विनंती: पावसाळ्यात मुलांची अंथरुणं खाटेवर घाला, मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी खोचा, रात्री परसात जाताना हातात बॅटरी असू द्या. हे आजपासूनच करा.