जुन्या जीपगाडीची अडणारी पेडले



आज मोटारीच्या संपूर्ण यंत्रशास्त्रात मी आपणांस नेणार नाही. चालकाच्या पायाखाली असणाऱ्या क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर या तीन पेडलांविषयीच बोलावयाचे आहे. दाबले असता खाली जावे आणि पाय उचलताच वर यावे, एवढेच पेडलाचे काम. जुन्या गाडीत मात्र ते रेंगाळत वर येते. कधी खालीच बसून राहते. पुष्कळ गृहस्थ बुटाच्या टोकाने ते वर उचलतात आणि गाडी जुनी झाली, चालावयाचेच, असे म्हणून समाधान मानतात. हे समाधान जिवावर बेतणारे आहे.

उदाहरणादाखल विलीज जीप घेऊ. मुंबईच्या महिंद्रा कंपनीने १९४७ साली ती आपल्या रस्त्यांवर आणली, आणि त्या जातीच्या जुन्या गाड्या कित्येक कुटुंबांनी अद्याप हौसेने सांभाळल्या आहेत. या जीपमध्ये क्लच व ब्रेक यांची पेडले तळाच्या पत्र्यातून वर येतात. ज्या आडव्या दांड्यावर ती फिरतात, तो दांडा तळाखाली, चिखलपाण्याच्या माऱ्यात असतो. जुने ग्रीस वाळून लाखेसारखे चिकट होते, त्यात धूळ मिसळते आणि पावसाळ्यात गंज चढतो. दांडा व बुश यांतील फट इतकी बारीक असते की थोडासा गंजही गती रोखण्यास पुरेसा होतो.

तथापि दोष नेहमी तेथेच असतो असे नाही. म्हणून औषधाआधी निदान हवे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना लाकडी ठोकळ्यांची अडण द्यावी. पेडलाला पुढील यंत्रणेशी जोडणारी पिन आणि पेडल मागे ओढणारी स्प्रिंग सोडवावी व पेडल हाताने हलवून पाहावे. जड लागले, तर दोष दांड्यात किंवा बुशात आहे. हलके फिरले, तर क्लचच्या बाबतीत पुढील सांधे व तार, आणि ब्रेकच्या बाबतीत मास्टर सिलिंडर तपासावा.

दांडा अडला असल्यास गंज सोडविणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. नंतर दांडा काढून रॉकेलने धुवावा, बारीक एमरी कागदाने गंज उतरवावा आणि झिजलेले बुश बदलावे. ग्रीसचे निपल चिखलाने बुजलेले असते; ते मोकळे करून ग्रीसगनने ताजे ग्रीस भरावे.

येथे एका प्रचलित युक्तीविषयी सावध करतो. आमच्या एका स्नेह्यांच्या जीपला कारागिराने केवळ अधिक ताठ स्प्रिंग बसवून दिली. पेडल वर येऊ लागले, सर्वांना आनंद झाला. परंतु गंज आत वाढतच होता, आणि पुढच्या पावसाळ्यात पेडल भर रहदारीत अडले. ताठ स्प्रिंगने रोग बरा होत नाही, तो केवळ झाकला जातो.

ब्रेकच्या पेडलाला सुमारे अर्धा इंच मोकळी चाल असावी लागते, आणि तिला कारण आहे. पेडल सोडल्यावर मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पूर्ण मागे आला, तरच एक लहानसे छिद्र उघडते व तेलाचा दाब उतरतो. मोकळी चाल नसेल तर छिद्र बंद राहते, ब्रेक थोडे लागलेलेच राहतात, चाके तापतात, तेल फुगते आणि ब्रेक अधिकच आवळतात. ब्रेकच्या तेलात इंजिनाचे तेल घातल्यासही असेच घडते. त्याने आतील रबरी वाट्या फुगतात. तसे झाल्यास सर्व रबरी भाग बदलून यंत्रणा धुवून घ्यावी लागते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते व सिलिंडर आतून गंजतो, यास्तव ते वेळोवेळी बदलावे. मास्टर सिलिंडरचे काम मात्र जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

अ‍ॅक्सिलरेटरचे अडणे सर्वांत भयंकर. प्रथम पायाखालचे गोणपाट किंवा चटई पेडलात गुंतते काय ते पाहावे. मग इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरपाशी दांडी सोडवावी. म्हणजे अडथळा पेडलाकडे आहे की कार्ब्युरेटरकडे, ते कळेल. चालत्या गाडीत ते अडलेच, तर क्लच दाबावा, ब्रेक लावावा आणि लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद करावे. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढू नये. कित्येक गाड्यांत तिने सुकाणूच्या चाकाला कुलूप लागते.

गाडी बाहेर काढण्यापूर्वी, इंजिन सुरू न करता, तिन्ही पेडले एकेकदा दाबून सोडून पाहावीत. यास अर्धे मिनिटही लागत नाही. त्यांतील एक जरी रेंगाळले, तरी त्या दिवशी गाडी घरीच राहू द्यावी आणि मुलाबाळांना घेऊन एसटीने जावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.