कार्डावरचा 'ओ' आणि डॉ. भेंडे यांचे संशोधन

(रक्तदान शिबिराच्या आदल्या सायंकाळी विहारात दिलेले व्याख्यान)



उद्याच्या शिबिरानिमित्त चार शब्द बोला, असे चिटणीसांनी सुचविले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही बँकेतले कारकून. बी. ए. झालो तेही इतिहास घेऊन. रक्ताविषयी बोलायला डॉक्टर हवेत. त्यावर चिटणीस म्हणाले, "डॉक्टर दरवर्षी येतात आणि रक्तदान श्रेष्ठ दान म्हणून जातात. तुमच्या घरात घडले ते सांगा." घरातले सांगायचे तर ज्यांनी ते सोसले त्यांची परवानगी हवी. आमच्या वहिनींनी ती दिली. "भावजी, नाव घेऊ नका. बाकी सगळे सांगा. तुम्ही गप्प बसला होता तेही सांगा," एवढेच त्या म्हणाल्या.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. काकांनी लग्न केले ते सख्ख्या मामाच्या मुलीशी. त्या काळी त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, उलट मामाची मुलगी म्हणजे हक्काची सून. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातील या चालीचा अभ्यास मांडला आहे. काकांना एक मुलगा, म्हणजे आमचे दादा, आणि एक मुलगी. ती सांगली जिल्ह्यात दिली.

दादांचा मुलगा शाळेत जाऊ लागला आणि ओळखपत्रासाठी त्याचा रक्तगट तपासला गेला. तो निघाला 'बी'. दादांनी लायसन्ससाठी गल्लीतल्या लॅबमधून कार्ड घेतले होते, त्यावर 'ओ'. वहिनींचा 'ए'. नात्यातल्या बारावी सायन्सच्या एका मुलाने पुस्तक उघडून तक्ता दाखविला : आईबापांचे गट ओ आणि ए असतील तर मूल 'बी' होऊच शकत नाही. त्याने ते दुष्टपणाने सांगितले नाही. शिकलेले सांगितले. पण त्या दिवसापासून घरात कुजबुज सुरू झाली. दादा तोंडाने काही बोलले नाहीत, पण वहिनींशी बोलणेही बंद केले. दोन महिन्यांनी वहिनी मुलाला घेऊन माहेरी गेल्या आणि आठ महिने तिथेच राहिल्या. आमच्यासारखे शिकले सवरलेले म्हणवणारे तेव्हा काय करीत होते? छापील तक्त्यापुढे आपण काय बोलणार, म्हणून आम्ही मान खाली घातली. आज ते सांगताना लाज वाटते.

मग २०११ साली दादांच्या बहिणीचे बाळंतपण आले. रक्तस्राव थांबेना. तिच्याही कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह'. सासरचे चार तरुण 'ओ' गटाचे, चौघेही हात पुढे करून उभे. पण रक्तपेढीत जुळवणीची चाचणी घेतली तर चौघांचेही रक्त तिच्या रक्तात गुठळ्या धरू लागले. पेढीतल्या पिशव्या काढल्या, त्यांचेही तेच. रात्रपाळीचा तंत्रज्ञ तरुण होता. त्याने "नमुना खराब आहे, पुन्हा आणा" असे म्हणून हात झटकले नाहीत. नातेवाइकांना त्याने एकच प्रश्न विचारला, "पेशंटचे आईवडील नात्यातले आहेत का?" आणि लगेच, "तिला सख्खा भाऊ आहे का?"

दादा पहाटे साताऱ्याहून पोहोचले. त्यांचे रक्त जुळले. एक पिशवी त्यांनी दिली आणि बहीण वाचली. दोघांचाही गट 'ओ' नव्हता. तो होता ज्याला जगभर 'बॉम्बे' म्हणतात तो गट.

आता हा गट काय आहे ते, आम्हाला समजले तेवढे, सांगतो. रक्तगट असतात हे कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखविले व त्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल मिळाले. पुढे पन्नास वर्षे ए, बी, एबी आणि ओ हा हिशेब पुरा समजला जात होता. मुंबईत परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात डॉ. वाय. एम. भेंडे हे विकृतिशास्त्राचे अध्यापक होते. त्यांच्यापुढे असे नमुने आले की जे दिसायला 'ओ', पण 'ओ' रक्तालाही नाकारणारे. तक्त्यात न बसणारा निकाल म्हणजे चूक, असे म्हणून त्यांनी तो टाकून दिला नाही. देशपांडे व भाटिया हे सहकारी आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रेस, रूथ सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ही गोष्ट मांडली. शहराचे नाव १९९५ साली बदलले, गटाचे नाव मात्र बॉम्बेच राहिले.

भेंडे केवळ संशोधक नव्हते. देवधरे यांच्यासह त्यांनी लिहिलेले विकृतिशास्त्राचे जाडजूड पाठ्यपुस्तक एम. बी. बी. एस.च्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे वापरले. मिरजेला १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढे तिथल्या खोली घेऊन राहणाऱ्या मुलांच्या टेबलावर हे पुस्तक आम्ही पाहिले आहे. तेव्हा त्या नावाशी आमच्या घराचा काही संबंध येईल असे स्वप्नातही नव्हते.

रक्तपेशीवर 'एच' नावाचा एक पदार्थ असतो. तो म्हणजे घराचे जोते. ए आणि बी हे त्या जोत्यावर उभे राहतात. 'ओ' म्हणजे नुसते जोते. बॉम्बे गटात जोतेच नसते. मग बी उभारण्याचा गुण बापाच्या अंगात असला तरी तो उभारणार कशावर? तो झाकलेला राहतो. मूल जन्मते, आईकडून त्याला जोते मिळते आणि बापाचा झाकलेला 'बी' त्याच्यात उघडा होतो. दादांच्या मुलाचे असेच झाले होते. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी अशाच एका कुटुंबाचा उलगडा केला होता. तिथे आई 'ओ' दिसत होती आणि तिचा लपलेला 'बी' मुलीत उतरला होता. म्हणजे आमच्या वहिनी आठ महिने माहेरी बसल्या, त्या प्रश्नाचे उत्तर अर्धशतकापूर्वीच छापलेले होते. आमच्यापर्यंत तक्ता पोहोचला, तक्त्याचा अपवाद पोहोचला नाही.

आईबाप दोघांकडूनही हा दोष आला तरच मूल बॉम्बे गटाचे होते. दोष एकाकडून आला तर कळतही नाही. आते-मामे भावंडांत आजा-आजीकडून आलेला आनुवंशिक वारसा सरासरी आठवा हिस्सा सारखाच असतो, म्हणून लपलेल्या दोन गोष्टी एकत्र येण्याचा संभव त्यांच्या मुलांत वाढतो. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा, युरोपात दहा लाखांत एकाचा मानतात. हा रोग नव्हे. दादा धडधाकट आहेत, शेत बघतात. धोका रक्त घेण्याच्या वेळी. 'ओ' समजून 'ओ' रक्त चढविले तर पेशी फुटतात, मूत्रपिंडे निकामी होतात, माणूस दगावतो.

रक्तातूनच येणारा, पण खराखुरा रोग म्हणजे सिकलसेल. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील त्याचे वृत्त 'लॅन्सेट'मध्ये दिले. विदर्भातील आपल्या समाजात तो पुष्कळ आहे. आता आपल्या मुलांच्या सोयरिकी तिकडे जुळू लागल्या आहेत. तेव्हा पत्रिका न पाहणाऱ्या आपण तेवढी एक रक्ततपासणी तरी दोन्ही बाजूंची पाहावी, असे आमचे मत आहे. पण तो विषय मोठा, त्याला वेगळे व्याख्यान हवे.

बँकेत आम्ही संध्याकाळी रोकड मोजतो आणि वहीतली शिल्लकही काढतो. दोन्ही जुळले तरच तिजोरी बंद होते. रक्तगटाचेही तसेच आहे. एकदा पेशी तपासायच्या, एकदा पेशींवरचे पाणी, ज्याला सीरम म्हणतात, ते ज्ञात पेशींशी लावून पाहायचे. सीरम 'ओ' पेशींशी लावले की बॉम्बे गट तिथेच सापडतो. रक्तपेढीत हे दोन्ही करतात. शाळेत किंवा गल्लीत काचपट्टीवर दोन थेंब टाकून मिळते ते कार्ड म्हणजे नुसती मोजलेली रोकड. वहीशी मेळ घातलेलाच नाही.

यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठे यंत्र लागत नाही. त्या तरुण तंत्रज्ञाने रात्री विचारलेला प्रश्न गरोदर बाईच्या पहिल्या तपासणीच्या कागदावर असावा आणि उत्तर 'होय' असेल तर नमुना वेळेत रक्तपेढीकडे जावा, इतकेच. अलीकडे वैद्यकीय विद्यार्थ्यांना गावातली कुटुंबे दत्तक देतात. त्यांनी रक्तदाब मोजावाच, पण आजोबांपासूनचा वंशवृक्षही काढून घ्यावा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका तो त्यांना अर्ध्या तासात तोंडपाठ सांगतील.

काकूंनी मात्र हे सगळे ऐकल्यावर आम्हाला विचारले, "म्हणजे आमच्या लग्नाचीच चूक का रे?" या प्रश्नावर आम्ही अडखळलो. चूक म्हणावी तर एवढ्या वर्षांच्या संसाराला नाव ठेवल्यासारखे होते, आणि नाही म्हणावे तर पुढच्या पिढीला सावध कसे करणार? आम्ही एवढेच म्हटले, की तुमच्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते. नातवाचे लग्न नात्यात करायचे नाही, हे मग त्यांनीच ठरविले.

वहिनींना आणायला दादा स्वतः गेले. काय बोलले ते आम्हाला माहीत नाही. आम्ही गेलो नाही, तेही धैर्य झाले नाही.

दादांचे नाव आता रक्तपेढीच्या दुर्मीळ गटाच्या वहीत आहे. उद्या ते शिबिरात रक्त देणार नाहीत. त्यांचे रक्त पिशवीत पडून मुदत संपण्यापेक्षा बोलावणे येईल तेव्हा देणे बरे. २०२४ साली शिर्डीचे एक दाते असेच बोलावणे येताच चारशेहून अधिक किलोमीटर गाडीने इंदूरला गेले होते. उद्या नोंदणी अर्जावर "आईवडील नात्यातले आहेत का?" असा एक रकाना आम्ही हाताने आखून वाढविला आहे. तो संकोच न करता भरावा. 'होय' लिहिणाऱ्यांचे नमुने दोन्ही पद्धतींनी तपासून नंतरच कार्डे दिली जातील, त्याला दोन-चार दिवस लागतील. सकाळी नऊ वाजता नोंदणीच्या टेबलावर वहिनी बसणार आहेत.