टाकीचं झाकण घट्ट लावा

गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या गच्चीवर जा आणि पाण्याच्या टाकीत डोकावून पाहा. पाण्याच्या वरच्या थराला समांतर, आडव्या तरंगणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या, तर त्या अ‍ॅनॉफिलीस डासाच्या. शहरात मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सीची मादी स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालते. मुंबईतल्या मलेरियावरच्या १९११ सालच्या अहवालात डॉ. बेंटली यांनी शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवलं, ते याचसाठी.

१९५३पासून देशभर डीडीटी हे कीटकनाशक फवारलं गेलं आणि मलेरिया ओसरला. पण काही डास त्यातूनही तगले. काहींच्या शरीरातली विकरं विषच निकामी करत होती. तोच गुण पुढच्या पिढ्यांत उतरला. इतर कारणांचीही भर पडली आणि १९७६मध्ये देशातले रुग्ण ६४ लाखांवर गेले.

म्हणून एकाच कीटकनाशकावर विसंबून चालत नाही. वेगवेगळी कीटकनाशकं आलटून-पालटून वापरावी लागतात. घट्ट झाकणावर मात्र डासाकडे तोड नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा दादर असो की लालबाग-परळ, आठवड्यातून एकदा पिंपं, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या करा. घरचं आजारपण टाळणं आपल्याच हाती आहे.