परत आलेला प्रबंध
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही या विहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. तेव्हा वर्गातलेच बोलू.

दरवर्षी दहावी-बारावीचा निकाल लागला की एक गोष्ट नजरेस येते. पास झालेली मुलं पेढे घेऊन येतात, बुद्धमूर्तीपुढे ठेवतात, वंदन करतात. नापास झालेली मुलं मात्र विहारात यायचीच बंद होतात. कुणी मामाच्या गावाला जातो, कुणी मिळेल त्या कामाला लागतो. आम्ही घरी विचारायला गेलो तर माय दारातच सांगते, "सर, त्याच्यानं नाही व्हायचं. बाबासाहेबांची गोष्ट वेगळी होती."

हे शेवटचे वाक्य आम्हाला फार टोचते. आपण घराघरात बाबासाहेबांचा फोटो लावतो, खाली पदव्यांची रांग लिहितो. पण त्या रांगेत मधे-मधे किती वेळा वाट अडली, ते मुलांना सांगत नाही. आज तेवढेच सांगू.

१९१६ साली बाबासाहेब लंडनला शिकायला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. वर्षभरातच बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान महायुद्धात समुद्रात बुडाले. त्यात त्यांची पुस्तके होती. बडोद्याला नोकरीवर गेले, तर जातीपायी राहायला जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. मुंबईची गाडी सुटेपर्यंत परदेशात शिकून आलेला हा माणूस सार्वजनिक बागेत बसून राहिला.

इथे कुणीही म्हटले असते, झाले तेवढे पुरे. पण बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. लंडन सोडतानाच त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. दार बंद करून आले नव्हते, नुसते लोटून आले होते. १९१८ साली मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्यातून पै-पै मागे टाकली. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये उसने घेतले आणि जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. इकडे मुंबईत रमाईंनी काटकसरीत संसार ओढला. तो भागही या पदव्यांत धरला पाहिजे.

१९२१ ला एम.एस्सी. झाले, १९२२ ला बॅरिस्टर झाले. डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध दिला. आणि मंडळी, १९२३ च्या मार्चमध्ये तो प्रबंध परत आला! परीक्षकांनी सांगितले, पुन्हा लिहा. जवळचे पैसे संपलेले. बाबासाहेब मुंबईला आले, इथे बसून पुन्हा लिहिले, लंडनला पाठवले. त्याच वर्षाच्या अखेरीस डी.एस्सी. मिळाली आणि ग्रंथही छापून निघाला. पुढे १९२५ साली भारतीय चलनाच्या चौकशीसाठी आलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी याच विषयावर साक्ष दिली.

आता सांगा, परत आलेला प्रबंध आणि आपल्या पोराचा गणितात नापास झालेला पेपर, यात अंतर खूप आहे, मान्य. पण पुन्हा लिहायला बसणे, ही कृती दोन्हीकडे एकच आहे.

भगवान बुद्धांनी मनाला अडवणारी पाच नीवरणे सांगितली. त्यात एक विचिकित्सा. प्रश्न विचारण्याला धम्मात बंदी नाही, कालामांना तर बुद्धांनी तपासूनच घ्यायला सांगितले. विचिकित्सा वेगळी. ती माणसाला फाट्यावर उभे करते आणि कुठल्याच रस्त्याला लागू देत नाही. "माझ्यानं होईल का?" या प्रश्नाचे उत्तर बसून विचार करत राहिल्याने मिळत नाही. म्हणून अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आहे. म्हणजे आजचा धडा आज.

आणखी एक कबुली देतो. चूक मुलांचीच नाही, आमचीही आहे. आम्ही याच विहारात दरवर्षी पास झालेल्यांचा सत्कार केला, वह्या दिल्या, हार घातले. नापास झालेल्याला बोलवायचे आम्हाला कधी सुचले नाही. मग त्याला या दाराची लाज वाटली, तर नवल काय?

म्हणून आयाबायांना, बापमंडळींना हात जोडून विनंती आहे. निकाल वाईट लागला तर पोराला घरात लपवू नका. शिव्या देऊ नका, नवसही करू नका. त्याला इथे पाठवा. कामावर जाणाऱ्यानेही रात्री यावे. पुरवणी परीक्षेचा फॉर्म आम्ही बरोबर बसून भरू. फीला कमी पडले तर वस्तीत झोळी फिरवू. बाबासाहेबांनीही मित्रापुढे हात पसरला होता, त्यात कमीपणा नाही.

यापुढे निकालाच्या दिवशी पहिली सतरंजी पास न झालेल्यांसाठी अंथरू. पेढे मागाहून वाटू.

जय भीम! नमो बुद्धाय!