सांडू द्या, पण शिकू द्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्या बुलढाण्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा थेंबन् थेंब मोलाचा. म्हणून बालवाडीत एका चिमुरडीच्या हातून तांब्या कलंडला, तेव्हा मी तो हिसकावून घेतला. पुढे आठ दिवस तिने तांब्याला हात लावला नाही. चूक माझीच होती. ओतायचे कसे, हे मी तिला कधी शिकवलेच नव्हते!

१९०७ साली रोममध्ये पहिले बालमंदिर उघडणाऱ्या माँटेसरीबाईंनी अशा रोजच्या कामांनाच अभ्यास मानले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत ही पद्धत खेड्यातल्या मुलांसाठी, जवळपास मिळणाऱ्या साधनांतून रुजवली.

मग मीही तसेच केले. आधी वाटीतून वाटीत ज्वारी, नंतर अर्धा पेला पाणी. न बोलता, सावकाश करून दाखवायचे. फडके जवळच ठेवायचे. महिन्याभराने तिने मला पेला आणून दिला. वाटेत थोडे सांडले, ते तिनेच पुसले.

भगिनींनो, घरी घाई असते, हे मी जाणते. तरी दिवसातून एखादे काम मुलाच्या हाती द्या, आणि आपले हात पाठीमागे बांधून उभ्या राहा.