सपाट पडद्याची खरेदी

वडगाव-शहापूरच्या विणकराच्या किंवा निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्याच्या घरी नवा दूरचित्रवाणी संच येतो, तो बहुधा हप्त्यांवर. निदान हप्ते फिटेपर्यंत तरी तो टिकावा, ही अपेक्षा काही अवास्तव नव्हे. पण दुकानातील परिभाषा दर दोन-चार वर्षांनी पालटते आणि कालची अपूर्वाई आज अडगळीत पडते.

प्लाझ्माचेच पाहावे. काचेच्या दोन तावांमध्ये बारीक कोशांत वायू कोंडावयाचा व विजेने तो चेतवून प्रकाश काढावयाचा, अशी ती युक्ती होती. चित्र मोठे सुरेख दिसे. मात्र वीज अधिक लागे. द्रवस्फटिकांचे, म्हणजे एलसीडी पडदे स्वस्त होत गेले, तेव्हा २०१३-१४ मध्ये पॅनासॉनिक, सॅमसंग व एलजी यांनी एकामागून एक प्लाझ्माचे उत्पादन थांबविले. ज्यांनी अखेरीअखेरीस मोठी रक्कम मोजून तो संच घेतला, त्यांच्या पदरी सुट्या भागांची शोधाशोध आली.

आज ‘एलईडी’ म्हणून मिळणारा संच वस्तुतः द्रवस्फटिकांचाच आहे. पूर्वी पडद्यामागे उजेडासाठी बारीक नळ्या असत, आता एलईडी दिवे असतात, एवढाच फरक. ‘क्यूएलईडी’मध्ये रंग खुलविणाऱ्या सूक्ष्म कणांचा एक थर अधिक, जात तीच. ओएलईडी मात्र खरोखर निराळी. तेथे प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो व स्वतः विझतो, म्हणून काळा रंग काळाच दिसतो. परंतु किंमत भारी. शिवाय एखाद्या वाहिनीचे बोधचिन्ह दिवसचे दिवस एकाच जागी राहिले तर त्याचा डाग पडद्यावर उमटण्याचा संभव. ज्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्या चालू असतात, त्या घराने तिकडे न वळलेलेच बरे.

दुकानात जाण्यापूर्वी खोली मापावी. त्रेचाळीस इंची ‘फुल एचडी’ पडद्यावरील बिंदू सहा फुटांपलीकडून निकोप डोळ्यालाही सुटे दिसत नाहीत. मग तेवढ्याच पडद्यावर ‘फोर-के’चे चौपट बिंदू घेऊन आठ फुटांवर बसणाऱ्याला अधिक काय दिसणार? पाहुणेरावळे भिंतीकडेने दाटीवाटीने बसत असतील, तर बाजूने पाहूनही रंग न उतरणारा आयपीएस पडदा मागावा. दुकानदार हे आपण होऊन क्वचितच सांगतो.

खरेदी बेळगावात करावी की कोल्हापुरात, हा सीमाभागातील जुना वाद. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवाकर दोन्ही राज्यांत सारखाच आहे. बत्तीस इंचांवरील संचांवरचा करही २२ सप्टेंबर २०२५ पासून अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. तेव्हा करापायी सीमा ओलांडण्याचे कारण उरले नाही. निपाणीला कोल्हापूर जवळ, हे खरे. पण संच बिघडल्यास कंपनीचा कारागीर कोठून येणार, राज्याची हद्द ओलांडून येणार की नाही, हे पैसे देण्यापूर्वी विचारून पावतीवर लिहून घ्यावे.